शिलाईवालीले काऊन मारलं?

कापूस वेचून झाला, गाड्या भरून बाजाराला गेल्या, की तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या आमच्या बेला गावात घरामागच्या पडीत जमिनीवर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. तो डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळायचा. दिवेलागणीला माय चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत असायची, परातीत तळहात पडल्याचा थप थप आवाज चाललेला असायचा, आणि मधेच वाऱ्याबरोबर भोंग्यावरचं गाणं यायचं. फुलाआत्या हातातला लसूण तसाच धरून मान वाकडी करून ऐकायची. दोनच ओळी. मग निकाल द्यायची, "रडायचा हाय," नाहीतर "हाणामारीचा हाय, पन नाच चांगले असन." माय भाकर उलटवत म्हणायची, "आधी लसूण सोल, मंग सिनेमा सांग." आत्या सोलायची, पण तिचं घराबाहेर गेलेलं लक्ष त्या संध्याकाळी पुन्हा घरात यायचं नाही.

फुलाआत्या म्हणजे माझ्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण, पंचफुला. आमच्या आजोबांची हयात दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेली. बाबा मात्र शिकले आणि गावातल्याच मराठी शाळेत मास्तर झाले. आत्याचं लग्न त्यांनी पैनगंगेपलीकडच्या एका गावी करून दिलं होतं. संसार धड मांडूनही झाला नव्हता तोच तिचा नवरा तापानं गेला. बाबा जाऊन तिला परत घेऊन आले. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. बैलगाडीतून उतरलेली आत्या मला आठवते. काखेत पत्र्याची पेटी, आणि दारात उभी राहून पाय धुवायला पाणी मागतानाचा तिचा सरळ, नेहमीचा आवाज. ती घरात रडली नाही. शेजारच्या बाया तिच्याभोवती बसून डोळ्यांना पदर लावायच्या, तेव्हा हीच उठून त्यांना चहा करून द्यायची. रडायची ती तंबूत. तिथे मात्र मनसोक्त, नाक शिंकरत. बाया आपसांत म्हणायच्या, नवऱ्यासाठी रडते बिचारी, सिनेमाचं नुसतं निमित्त. आत्याला त्याचा राग यायचा. "मी सिनेमासाठीच रडतो वं. त्या पोरीचं कसं झालं, पाह्यलं नाई काय तुमी?"

तिच्याबरोबर तंबूत जायचा मान माझा होता, आणि त्याला कारण होतं. तंबूत येणारे बरेचसे सिनेमे तेलुगू. आत्याला बाजारापुरती तेलुगू यायची, मिरचीचा भाव विचारण्याइतकी. मला शाळेत तेलुगू होती. आम्ही पडद्यापुढे जमिनीवर बसायचो. त्या जागेला सगळे 'नेल' म्हणायचे, तेलुगूत नेल म्हणजे जमीनच. मधे कनात लावलेली, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला माणसं. आत्या घरून गोणपाट घ्यायची, पदरात भाजलेल्या शेंगा बांधायची, आणि पडदा उजळला की माझ्या दंडाला धरून विचारायची, "काय म्हंते थो?" मी सांगायचे. अडलं की अंदाजानं काहीतरी जुळवायचे, आणि ती लगेच पकडायची. "असं नाई म्हनत ते. तोंड पाह्य तिचं. ते त्याले जा म्हनून राह्यली, पन जाऊ नको असं तिच्या मनात हाय." थोड्या वेळानं आजूबाजूच्या मराठी बायाही माझ्याकडे सरकायच्या, मागच्या तेलुगू बाया "गप्प बसा" म्हणून खेकसायच्या, आणि अशा गोंधळात माझी तेलुगू वाढत गेली. पुढे मी सरकारी शाळेत आयुष्यभर तेलुगूच शिकवली. मराठी घरातली बाई तेलुगू व्याकरण शिकवते याचं लोकांना नवल वाटायचं. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगायचे. ते काही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

आत्याची प्रत्येक जातीच्या सिनेमाबद्दल मतं होती आणि ती ठाम होती. दुसऱ्या दिवशी तूर झोडताना, मिरच्या खुडताना, विहिरीवर, ती ती मांडत राहायची. हाणामारीच्या हिंदी सिनेमात तिला खलनायकाचं घर महत्त्वाचं वाटे. त्याचं घर पाहून आपल्याला हेवा वाटला पाहिजे. जिना पाहिजे, जिन्याखाली वाघाचं डोकं पाहिजे. साध्या घरात राहणारा खलनायक तिला भिकारी वाटे, असल्या माणसाला मारायला हिरो कशाला, गावचा कोतवाल पुरे. हिरोनं मार खाल्ला की पुढे निदान थोडा वेळ त्यानं लंगडावं अशी तिची रास्त अपेक्षा होती. "एवढा हाणला त्याले, अन् गान्यात पाह्य, कपड्याले सुरकुती नाई." नाचाबद्दल तिचं म्हणणं असं की तेलुगू लोक पायानं नाचतात, हिंदी लोक कपड्यानं. मी तेव्हापासून शेकडो नाच पाहिले आहेत, आता तर फोनवर रोजच दिसतात, आणि अजून मला तिचं ते वाक्य खोडता आलेलं नाही.

देवाच्या सिनेमावरून घरात कुरबूर व्हायची. आम्ही बौद्ध. बाबा दर जयंतीला गावापुढे भाषण करायचे, देव सोडा, पुस्तक धरा, म्हणून सांगायचे. आणि त्यांची सख्खी बहीण सगळ्यांच्या पुढे बसून तेलुगूतले देवादिकांचे सिनेमे डोळे विस्फारून पाहायची. एकदा जेवताना बाबांनी विषय काढला. ताटात अंबाडीची भाजी होती, वरून लसणाचं तेल. बाबा म्हणाले, "फुले, मास्तरची बहीण देवाच्या सिनेमाले बसते, लोकं काय म्हनतीन?"

"दादा, मी पूजा करून राह्यली काय? मी मुकुट पाहून राह्यली. तेलुगूवाल्यायच्या देवाचा मुकुट पाह्य एकदा. हिंदीतला देव भाड्यानं आनल्यावानी दिसते."

"अन् त्यातून शिकली काय तू?"

"राक्षसायले जेवन चांगलं भेटते."

माय तोंडाला पदर लावून चुलीकडे वळली. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, हसू दाबलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मायचं स्वतःचं एकच मत होतं: सिनेमात हत्ती, कुत्रा, नाग, काहीतरी जनावर पाहिजे, आणि ते शेवटपर्यंत जगलं पाहिजे. आम्ही परत आलो की ती झोपल्या झोपल्याच विचारायची, "जनावर होतं? राह्यलं?" राह्यलं म्हटलं की कूस बदलून झोपायची.

मराठी सिनेमा आमच्या तंबूत क्वचित यायचा. पण जयंतीला मंडळाची पोरं टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणायची, आणि विहारापुढच्या मोकळ्या जागेत एखादा विनोदी मराठी सिनेमा लागायचा. त्या रात्री आपली भाषा ऐकायला सगळं गाव जमायचं, आणि अर्ध्या वाटेवर लक्षात यायचं की ही काही आपली भाषा नव्हे. पडद्यावरची माणसं 'मला', 'तुला', 'कशाला' म्हणायची, आणि आमच्याकडे 'मले', 'तुले', 'काऊन'. त्यातही एखादा गडी खेडवळ बोलायला लागला की पडद्यावरचे लोक त्याला हसायचे. आत्या एका अशा जागी हसलीच नाही. मला म्हणाली, "तेलुगू सिनेमात मले समजत नाई ते बरं हाय. इथी समजते अन् मंग वाईट वाटते." तरी मराठी विनोदाची तिला कदर होती. हिंदी विनोद म्हणजे नुसतं पडणं-आदळणं, मराठी विनोदात माणूस बोलता बोलता स्वतःच्याच शब्दात अडकतो, हे तिनं फार आधी हेरलं होतं. रहस्यपट मात्र तिला कधीच आवडले नाहीत. पोलिसासारखं संशय घेत बसायचं आणि त्यासाठी तिकीटही आपणच काढायचं, हे तिला पटत नसे. एकदा खून होऊन थोडाच वेळ झाला असेल, ती तंबूत मोठ्यानं म्हणाली, "त्या डॉक्टरनं मारलं, त्याच्या घरी कोनीच पेशंट येऊन नाई राह्यले." मग खरोखर डॉक्टरच निघाला, आणि सिनेमा सुटल्यावर कनातीपलीकडची माणसं, हिनं आमची मजा घालवली म्हणून, भांडायला आली.

पण तिचा खरा प्रांत म्हणजे रडायचे सिनेमे. तिथे ती फार कडक होती. रडू न बोलावता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. माणूस मरायच्या आधीच सारंगी रडायला लागली की ती रुसून बसायची. आई आंधळी झाली, हिरोची नोकरी गेली, घर जळालं, असं एकापाठोपाठ आलं की म्हणायची, "आता बस कर बाप्पा, एवढं तं आमच्याकडंबी नाई होत."

मी आठवीत-नववीत असेन तेव्हा तंबूत एक तेलुगू सिनेमा आला, ज्याची सगळ्या तालुक्यात चर्चा होती. त्यात एक विधवा बाई शिवणकाम करून राहते. गावात नवा पोस्टमास्तर येतो, सदरा शिवायला तिच्याकडे जातो, आणि हळूहळू दोघांचं मन जुळतं. ते जुळणं फार सुंदर दाखवलं होतं. माप घेताना ती त्याच्या खांद्याला हात न लावता टेप धरते, तेव्हा सगळा तंबू श्वास रोखून बसला होता. आत्यानं माझ्याकडे अर्थ विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं. शेवटी काय होतं, तर तिची धाकटी बहीणही त्याच्यावर जीव लावते, आणि ही बाई आजारी पडून, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देऊन, लांबलचक बोलून मरून जाते. सगळा तंबू हुंदके देत होता. मीही. आत्याकडे पाहिलं तर तिचे डोळे कोरडे. ती उठली, गोणपाट झटकलं, आणि माझी वाट न पाहता घराकडे चालू लागली. ओसरीत पाय धुताना म्हणाली, "शिलाईवालीले काऊन मारलं? मरायचं काय कारण होतं तिले?" मायनं नेहमीप्रमाणे आतून विचारलं, "जनावर होतं?" त्या दिवशी तिला कोणी उत्तर दिलं नाही.

त्याच सुमारास आत्यासाठी एक स्थळ आलं. स्थळं अधूनमधून यायची. आमच्यात विधवेच्या लग्नाला कोणाची हरकत नव्हती, बाबांची तर इच्छाच होती. पण येणारी माणसं म्हातारी, नाहीतर घरात लेकरांचा गोतावळा असलेली, बायकोपेक्षा रांधणारी हवी असलेली. हे स्थळ वांकिडीचं होतं. माणसाचं नाव देवाजी, मंडल कचेरीत अटेंडर, म्हणजे शिपाई, बायको मागच्या वर्षी वारलेली, एक लहान मुलगी. वय बेताचं. बाबा फार आशेवर होते. आदल्या दिवशी त्यांनी आत्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघ फुले, विचारतीन तेवढंच सांग. सिनेमाचं नाव काढू नको." आत्यानं हाव म्हटलं.

ते तिघं आले, देवाजी, त्याचा मोठा भाऊ आणि भावजय. लांबून बसनं आलेले, त्यामुळे मायनं आधी जेवायलाच वाढलं. मुगाच्या डाळीचे वडे, कढी, भात, वांग्याची भाजी. देवाजी उंच, काळासावळा, मान खाली घालून जेवणारा. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पण कॉलरजवळ दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं बटण. ते त्यानं स्वतःच लावलं असणार हे मला लगेच कळलं. जेवणं झाल्यावर आत्याला बोलावलं. भावानं विचारलं, कापूस वेचता येतो का, शिक्षण किती, तब्येतीची काही तक्रार? आत्यानं बरोबर उत्तरं दिली. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायला लागला. मग भाऊ देवाजीला म्हणाला, "तुले काई इचारायचं असन तं इचार."

देवाजीनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "काम झाल्यावर, रिकाम्या वेळात... काय करता तुमी?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. "सिनेमा पाह्यतो," ती म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. आल्यापासून पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "हाव काय? मीबी पाह्यतो. आता तो शिलाईवालीचा पाह्यला काय तुमी? मी आसिफाबादले पाह्यला. लय चांगला हाय. शेवट तं लयच चांगला."

मी मायच्या मागे उभी होते. आत्याची पाठ ताठ झालेली मला दिसली.

"शेवट चांगला?" आत्या म्हणाली. "काय चांगलं होतं त्याच्यात?"

"म्हंजे... ते हात हातात देते, बोलते, अन् मंग जाते. मी रडलो."

"रडले असान. पन ते गेली काऊन? कोनता रोग होता तिले? दोन दिवसाआधी ते मशीन चालवून राह्यली होती. त्या पोस्टमास्तरले ते आवडत होती, तिले तो आवडत होता. मंग मधातच तिले मारून टाकलं. काऊन? तं ते विधवा हाय म्हनून. तिचा नवरा मेला हा तिचा गुन्हा हाय काय?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण शेवटच्या वाक्याला भाऊ-भावजयीनं एकमेकांकडे पाहिलं. मग भावजय कपाळाला आठ्या घालून पानदानाकडे वळली. भाऊ म्हणाला, "बाई बोलते चांगली," आणि 'चांगली' हा शब्द असा काही उच्चारला की त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. देवाजी आत्याकडे पाहत होता, तोंड अर्धवट उघडं, जणू कोणी त्याला भलतंच काही विचारलं होतं आणि उत्तर शोधायला त्याला वेळ पाहिजे होता. मग भाऊ उठला म्हणून तोही उठला. दारात चपला घालताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. 

पाहुणे गेल्यावर बाबा अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. ते चिडले होते असं मला तेव्हा वाटलं. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा खूप जास्त आहे, आणि आता कळतं की ते घाबरले होते. "मी नसल्यावर तुहं कोन पाहीन, फुले?" ते म्हणाले. आत्या म्हणाली, "दादा, त्यायनंच काढला सिनेमा. मी चूप राह्यली असती तं जलमभर चूप राह्यावं लागलं असतं."  माय ताटं घासत होती, तिथूनच म्हणाली, "बरं केलं." एवढंच. पण रात्री आत्या माझ्याशेजारी गोधडीत पडली तेव्हा तिला झोप नव्हती. तिला तो माणूस आवडला होता. तिनं सांगितलं नाही, पण ती म्हणाली, "बटन स्वतःच लावलं त्यानं," आणि मला कळलं की तिनंही ते पाहिलं होतं.

वांकिडीकडून निरोप आला नाही. तंबूही उठला. होळी झाली, ऊन तापायला लागलं. आत्या नेहमीसारखी वागत होती, पण भोंगा नव्हता तरी संध्याकाळी मधेच हात थांबवून बसायची. अशातच एका रविवारी दुपारी आम्ही ओसरीत मिरच्यांची देठं काढत बसलो होतो, सगळ्यांच्या नाकातोंडात तिखट जाऊन सगळे शिंकत होतो, आणि अंगणात देवाजी येऊन उभा राहिला. एकटाच. हातात पिशवी, पिशवीत जंगलातली पिवळी पिकलेली टेंभरं. बाबा लगबगीनं उठले, शिंकतच त्यांनी खाट टाकली. देवाजीनं पाणी घेतलं, पिशवी मायच्या हातात दिली, आणि खाटेवर न बसता उभ्यानंच आत्याला म्हणाला,

"मी तो सिनेमा पुन्हा पाह्यला. आसिफाबादातून गेला होता, कागजनगरले लागला. तिथी जाऊन पाह्यला."

आत्याच्या हातात मिरची होती, ती तशीच राहिली.

"तुमी म्हनलं ते बरोबर हाय," तो म्हणाला. "मरायचं कारन नोतं. मी निट पाह्यलं या खेपेले. पन मले शेवट काऊन आवडला ते सांगतो." मग तो थांबला. बाबांनी त्याला बसायची खूण केली, ती त्यानं पाहिलीच नाही. "माही बायको दवाखान्यात गेली. मी बाहेर औषध आनाले गेलो होतो. आलो तं... एक शब्द बोलली नाई. काई सांगून नाई गेली, पोरीचंबी नाई. अन् त्या सिनेमातली बाई सगळं बोलून गेली. मले तेवढंच दिसलं होतं. बाकी दिसलंच नोतं."

 मला रडू येत होतं आणि मिरच्यांमुळे ते खपून जात होतं. आत्यानं डोळे पुसले, तेही कशामुळे ते सांगता येत नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "मंग बोलू द्याचं होतं ना तिले. मन भरून बोलू द्याचं. बोलल्यावर मारायचं काय काम होतं?"

देवाजी हसला. आधी हसला, मग खाटेवर बसला, आणि बसून पुन्हा हसायला लागला. आत्याही. बाबा एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग मायला म्हणाले, "चहा ठेव."

पावसाळ्याआधी आमच्या विहारात लग्न लागलं. पंचशील म्हणताना बाबांचा आवाज भरून आला, आणि जयंतीला तासतासभर बोलणारे माझे बाबा त्या दिवशी दोन वाक्यांत बसले. देवाजी माझे फुफाजी झाले. आत्या गेल्यावर घरातल्या संध्याकाळी फार लांबल्या. मी मायला सिनेमाच्या गोष्टी सांगून पाहिल्या, पण ती जनावरापर्यंत वाट पाहायची आणि मग झोपायची.

दिवाळीच्या सुटीत मी वांकिडीला गेले. दोन खोल्यांचं घर, अंगणात शेवग्याचं झाड, बाजाराच्या दिवशी राजुऱ्याकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांची वर्दळ. आत्या आणि फुफाजी सकाळी चहा पितानाच कुठल्यातरी सिनेमावरून भांडायला लागायचे. फुफाजींना शेवट गोड लागायचे, आत्याला खरे. घर हसतंखेळतं होतं. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. फुफाजींची मुलगी वंदना पाच-सहा वर्षांची होती, आणि ती आत्याला कशानंच हाक मारत नव्हती. पाणी हवं असलं की येऊन समोर उभी राहायची. वेणी घालायला कंगवा पुढे करायची. शेजारणी तिला शिकवायला जायच्या, "माय म्हन, माय म्हन ना," आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. आत्या त्या बायांनाच दटावायची. "राहू द्या तिले. तिची माय होती. तिच्या तोंडात तिचं नाव हाय." एकदा भाकरी थापताना मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. पन ते माह्यं वाटनं हाय, तिच्यावर काऊन लादू?"

मी परत जायच्या आधी फुफाजींनी आम्हा सगळ्यांना आसिफाबादला दुपारच्या खेळाला नेलं. तिथलं पक्कं थिएटर, खुर्च्या, पंखे. लागलेला सिनेमा भुताचा होता. आत्या मला वाटेत, बसमध्ये समजावत होती की भुताच्या सिनेमात घाबरवतो तो आवाज, पडदा नाही. कान झाकले की भूत म्हणजे नुसती पांढऱ्या साडीतली बाई उरते, आणि पुष्कळदा साडी चांगली असते. वंदना खिडकीशी बसून हे सगळं ऐकत होती. थिएटरात ती आत्या आणि फुफाजींच्या मधे बसली, मी आत्याच्या दुसऱ्या बाजूला. पडद्यावर जुना बंगला आला, दिवा विझला, पायऱ्या वाजल्या. वंदनानं दोन्ही कान झाकून घेतले. पण दार आपोआप उघडायला लागलं तसं ते आवाजाशिवायही भयंकरच होतं. दार पूर्ण उघडलं, आणि त्या लेकरानं किंकाळी फोडली, शेजारच्या बापाला सोडलं, आणि आत्याच्या कुशीत शिरून म्हणाली,

"माय! माय, घरी चाल ना!"

आत्या जागच्या जागी गोठली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला दिसत होता. मग ती मुलीला उचलून उभी राहिली. मी तिला कधी चालू सिनेमातून उठताना पाहिलं नव्हतं; वीज गेली तर ती येईपर्यंत बसून राहणारी बाई ती. फुफाजी म्हणाले, "अवो थांबा ना, आता तं रंगून राह्यलं." आत्या म्हणाली, "पोरगी भेली माही," आणि लोकांचे पाय तुडवत, कोणी ओरडलं तिकडे लक्ष न देता, बाहेर गेली. मी तिच्यामागे.

बाहेर लख्ख ऊन होतं, डोळे उघडेनात. समोर लिंबाखाली एक माणूस गाडीवर मिरचीची भजी तळत होता. आत्या थिएटरच्या पायरीवर बसली, वंदना मांडीवर, तिचं तोंड आत्याच्या गळ्याशी लपलेलं. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं मुलीला काही विचारलं नाही, पुन्हा म्हण म्हटलं नाही. मी भजी आणली. मुलीनं हळूच मान काढून एक घेतलं, फुंकर मारली, आणि अर्धं खाऊन उरलेलं आत्याच्या तोंडाशी धरलं. "माय, खाय," ती म्हणाली, सहज, जणू रोजच म्हणत होती. आत्यानं खाल्लं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि या खेपेला कोणी पाहतंय की नाही याची तिला पर्वा नव्हती.

थोड्या वेळानं फुफाजी बाहेर आले. त्यांनाही आत करमलं नसावं. ते आमच्याजवळ येऊन पायरीवर बसले, लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि काय झालं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी त्याबद्दल काहीच विचारलं नाही. कागदातलं एक भजं उचललं आणि नेहमीसारखा वाद सुरू करायचा म्हणून म्हणाले, "काय मंग, कसा वाटला सिनेमा?"

"चांगला होता," आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली. "लय चांगला होता."